घाटात दम सोडणारी गाडी: तीनदा ट्यूनिंग करूनही परत तेच

मेहुणा आणि त्याची बायको दोघंही बडवाहला नोकरीला. सोमवारी पहाटे इंदुरातून निघायचं, शनिवारी संध्याकाळी परत. गाडी म्हणजे १२५ सीसीची मोटारसायकल, कार्ब्युरेटरवाली, २०१८ सालची. तक्रार एकच आणि दर शनिवारची: बलवाडा, चोरल ही गावं मागे टाकून भेरूघाटाचा चढ लागला की गाडी टॉप गिअरमध्ये दम सोडते. पन्नासवरून पंचेचाळीस, पंचेचाळीसवरून चाळीस, मग इंजिन घुरघुरायला लागतं आणि पाय आपोआप गिअरवर जातो. "आधी असं नव्हतं भाऊजी, आधी ही टॉपमध्येच चढायची." इंदुरात मात्र गाडी ठणठणीत. सिग्नलवरून मस्त उठते, रिंग रोडला सत्तरने जाते, धूर नाही, आवाज नाही.

दिवाळीनंतर तो तीनदा गॅरेजला जाऊन आला होता. पहिल्यांदा कार्ब्युरेटर सफाई आणि नवा प्लग. दुसऱ्यांदा एअर फिल्टर, पेट्रोलची नळी आणि पेचकसाने दोन स्क्रू फिरवून केलेलं ते सर्वव्यापी 'ट्यूनिंग'. तिसऱ्यांदा मिस्त्रीने इंजिनातल्या झडपा दाबणारे टॅपेटही 'सेट' केले. प्रत्येक वेळी ट्रायल घेतली तेजाजीनगरच्या चौकापर्यंत, म्हणजे सपाटीला. गाडी पास! शनिवारी घाटात पुन्हा नापास. ज्या रस्त्यावर बिघाड दिसतच नाही तिथे ट्रायल घेऊन बिघाड गेला असं कसं म्हणता येईल, हे मिस्त्रीला कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला तोवर हे माहीतच नव्हतं.

मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. दम जातो तो प्रत्येक गिअरमध्ये, की फक्त टॉपमध्ये? तो म्हणाला, फक्त टॉपमध्ये; तिसऱ्यात टाकली की पन्नासने चढते. हे उत्तर मिळालं तेव्हाच इंजिनावरचा माझा निम्मा संशय गेला. इंजिन आजारी असेल तर ते तिसऱ्या गिअरमध्येही आजारीच असतं. दुसरा प्रश्न: दिवाळीच्या आसपास गाडीत काय बदललं? "काही नाही." टायर? "नाही." क्लच? "नाही." चेन? "हां, चेनसेट बदललाय ना, पण तो तर नवीन आहे!"

नवीन आहे म्हणून तो संशयितांच्या यादीत नाही. ही चूक इतक्या लोकांकडून होते की मी आता 'काय बिघडलं' असं विचारतच नाही, 'काय नवीन टाकलं' असं विचारतो.

मी बरीच वर्षं पीथमपूरला गिअर कापणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत होतो, त्यामुळे दात मोजायला मला सांगावं लागत नाही. चेनचं कव्हर काढलं, चेन ज्यांच्यावर फिरते त्या पुढच्या गरारीच्या आणि मागच्या चक्राच्या एकेका दातावर खडूने खूण केली, मोजले. पुढे १५, मागे ४२. मग गाडीबरोबर आलेली पुस्तिका शोधली. ती टाकीखाली नाही, साइड पॅनेलमध्ये नाही, तर वहिनींनी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात गाडीच्या पूजेच्या नारळासोबत ठेवली होती. त्यात पुढे १४, मागे ४२. मिस्त्रीला फोन केला तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "भिया, पंद्रह डाला है, एवरेज बढ़ जाएगा."

आता एका दाताने असं काय होतं? ४२ भागिले १४ म्हणजे ३. ४२ भागिले १५ म्हणजे २.८. चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन आता पावणेसात टक्के कमी फिरतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण या वर्गातल्या गाडीकडे घाटात पावणेसात टक्के शिल्लक असतातच कुठे? हे शिल्लक प्रकरण एकदा हिशोबाने बघण्यासारखं आहे, कारण पॉवर, टॉर्क आणि गिअर यांच्याबद्दलचा सगळा गोंधळ तिथेच सुटतो.

पुस्तिकेत लिहिलं होतं: १०.७ पीएस, ७५०० आरपीएमला; ११ एनएम, ६००० आरपीएमला. पीएस हे पॉवरचं माप, एनएम हे टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचं, आणि आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. बहुतेक लोक पहिला आकडा वाचतात आणि थांबतात. त्याच्या पुढचा '७५०० आरपीएमला' हा भाग जास्त महत्त्वाचा. गाडीकडे १०.७ पीएस आहेत हे खरं, पण ते फक्त ७५०० फेऱ्यांवर आहेत. तिजोरीत पैसे आहेत, पण किल्ली ७५०० वर ठेवलेली आहे. पन्नासच्या वेगाने टॉप गिअरमध्ये जाताना इंजिन चार हजारांच्या आसपास फिरत असतं, आणि तिथे हातात किती येतात ते वेगळं काढावं लागतं.

काढणं सोपं आहे. एनएममधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, की पीएस मिळतात. पडताळून बघा: ११ गुणिले ६००० भागिले ७०२४ म्हणजे ९.४ पीएस. म्हणजे टॉर्क सगळ्यात जास्त असतो तिथे पॉवर अजून सगळ्यात जास्त नसते. उलट ७५०० वर १०.७ पीएस निघायचे तर टॉर्क दहा एनएमच्या जरासा वर असला तरी पुरतो. टॉर्क उतरणीला लागलेला असतो, पण फेरे त्याहून भराभर वाढत असतात, म्हणून गुणाकार वाढतो. टॉर्क आणि पॉवर या दोन वेगळ्या ताकदी नाहीत. 'ह्या गाडीत टॉर्क आहे, त्या गाडीत पॉवर आहे' हे कट्ट्यावरचं बोलणं ऐकलं की मला गुणाकार शिकवावासा वाटतो.

आता घाट. गाडी १२० किलो, दोघं मिळून १४०, बॅग १०. एकूण २७०. चढ सात टक्के धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सात मीटर वर. चढामुळे मागे ओढणारा भार २७० चे सात टक्के, साधारण १९ किलो. टायरच्या घर्षणाचे चारेक किलो. पन्नासच्या वेगाने दोघांच्या अंगावर येणाऱ्या वाऱ्याचे साडेसहा. झाले साडेएकोणतीस किलो. पन्नास किलोमीटर ताशी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. आणि एक पीएस म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं. तेव्हा २९.५ गुणिले १३.९ भागिले ७५, म्हणजे सुमारे साडेपाच पीएस, हे चाकावर. गिअरबॉक्स आणि चेन आपला वाटा खातात, तो बारा टक्के धरला तर इंजिनाने ६.२ पीएस द्यायला हवेत.

१४ दातांवर, टॉपमध्ये, पन्नासला ही गाडी सुमारे ४२०० आरपीएमवर असते. तिथे टॉर्क १०.३ धरला तर पॉवर येते ६.१६. लागतात ६.२. म्हणजे जेमतेम, काठावर. म्हणूनच 'आधी टॉपमध्ये चढायची' हे त्याचं म्हणणं खरं होतं. १५ दातांवर त्याच वेगाला इंजिन ३९२० वर येतं, तिथे दहा एनएम धरले तर ५.५८ पीएस. सहा-दशांश पीएस कमी पडले. वेग घसरला. वेग घसरला की फेरे घसरले, फेरे घसरले की पॉवर आणखी घसरली. चाळीसला आल्यावर वारा कमी होतो पण चढ काही कमी होत नाही: लागतात साधारण ४.६ आणि मिळतात ४.२. १४ दातांवर मात्र याच चाळीसला ४.६ मिळतात आणि गाडी तिथे तग धरते. १५ वर ती तग धरत नाही, म्हणून मेहुण्याला वाटायचं की गाडी हळूहळू मरतेय. ती मरत नव्हती. तिला चुकीच्या फेऱ्यांवर कोंडून ठेवलं होतं.

आणि तिसरा गिअर टाकला की? माझ्या हिशोबात तिसरा टॉपपेक्षा सव्वापट. ३९२० चे ४९०० होतात, टॉर्क १०.८ धरला तर साडेसात पीएस. लागतात ६.२. खुशाल चढते. इंजिन तेच, पेट्रोल तेच, कार्ब्युरेटर तोच.

माझे आकडे ढोबळ आहेत, अर्धा एनएम इकडेतिकडे होईल. पण त्यांचा कल चुकणार नाही. ठरलेल्या वेगाला गिअरचं काम एवढंच: इंजिनाला त्याच्या आलेखावर कुठे उभं करायचं ते ठरवणं. तो पॉवर वाढवत नाही, तिच्यापर्यंत पोचवतो.

यावर धारच्या काकांनी मला एकदा चांगलं अडवलं होतं. म्हणाले, "माझा ट्रॅक्टर पन्नास एचपीचा, तुझी ती छोटी कारही अठ्ठेचाळीसची. मग कारला सोयाबीनची ट्रॉली का जोडत नाहीस?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अल्टो ८०० चे ४८ पीएस येतात ६००० आरपीएमला, तिचा टॉर्क जेमतेम ६९ एनएम. ट्रॅक्टर ते पन्नास देतो २१०० च्या आसपास, म्हणजे तिथे त्याचा टॉर्क १७० च्या घरात. तरी हिशोबाने, कारला तिप्पट खालचे गिअर लावले तर त्याच वेगाला ओढ तेवढीच मिळेल. मिळेल, पण कारचं इंजिन दिवसभर सहा हजारांवर किंचाळत राहील, रेडिएटर उकळेल, आणि साडेसहाशे-सातशे किलोच्या गाडीची चाकं मातीत जागच्या जागी फिरतील. ट्रॅक्टरचे पन्नास हे दिवसभर द्यायचे पन्नास आहेत. कारचे अठ्ठेचाळीस हे ओव्हरटेक करताना दहा सेकंद मागायचे. कागदावर दोन्हीपुढे जवळपास सारखाच आकडा छापतात. काका म्हणाले, "म्हणजे बैलाचं आणि शर्यतीच्या घोड्याचं." मी म्हटलं, तसंच.

माळव्याची एक गोष्ट यात मिसळते, ती सांगतो. पुस्तिकेतली पॉवर ठराविक परिस्थितीला दुरुस्त करून छापलेली असते: सुमारे २५ अंश तापमान आणि जवळपास समुद्रसपाटीचा हवेचा दाब. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, नसलेल्या इंजिनाला इथे मुळातच पाच-सहा टक्के कमी हवा मिळते, आणि मे महिन्यात पारा ४२ ला गेला की एकूण तूट सात ते दहा टक्क्यांवर जाते. बडवाह नर्मदेच्या खोऱ्यात. तिथून चढत येताना घाटाच्या माथ्याजवळ हवा सगळ्यात विरळ आणि चढही संपलेला नसतो. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त मागायचं तिथेच इंजिन सगळ्यात कमी द्यायला तयार. त्यात मिस्त्रीने एक दात वाढवलेला. पीथमपूरला आपल्या घराजवळ नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, तिथे गाड्या किती पळतात ते मोजतात. मला विचाराल तर गाडीची परीक्षा दोन माणसं आणि एक बॅग घेऊन मे महिन्यात भेरूघाटात घ्यावी.

डिसेंबरात १४ दातांची गरारी बसवली. सुटी गरारी टाकली कारण चेन आणि मागचं चक्र नवंच होतं. चेनसेट जुना असता तर एकटी गरारी बदलू नका, झिजलेली चेन नवे दात महिन्यात खाते. एक दात कमी केला की चेन थोडी सैल पडते, मागचं चाक तीनेक मिलिमीटर मागे ओढावं लागतं. ते ओढल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना बघा आणि मागच्या ब्रेकचा नट पुन्हा लावा, नाहीतर ब्रेक लागूनच राहतो आणि मग दम सोडण्याची नवी तक्रार सुरू होते. शनिवारी त्याचा फोन आला, चोरलच्या पुढून टॉपमध्ये चढली, शेवटच्या दोन वळणांना फक्त तिसरा लागला. ही म्हणाली, आता तरी माझ्या भावाचा पिच्छा सोडा.

मार्चमध्ये परत तेच, पण ते 'तेच' नव्हतं

होळीनंतर पुन्हा फोन: भाऊजी, परत दम जातोय. मी पुन्हा पहिला प्रश्न विचारला, कुठल्या गिअरमध्ये? या वेळी उत्तर वेगळं होतं. तिसऱ्यातही. दुसऱ्यातसुद्धा जड वाटते. आणि फक्त गरम झाल्यावर. सकाळी पहिले दहा किलोमीटर ठीक. घाटात थांबून परत चालू करायला सेल्फ दोन-तीनदा मारावा लागतो.

ज्यांची गाडी सगळ्या गिअरमध्ये दम सोडते त्यांनी इथून पुढे वाचावं, वरचा दातांचा हिशोब त्यांच्या कामाचा नाही.

सगळ्यात आधी क्लच, कारण त्याला पैसे लागत नाहीत. टॉपमध्ये चाळीसने जाताना एकदम पूर्ण रेस द्या. इंजिनाचा आवाज वर गेला आणि वेग जागेवर, तर प्लेटा घसरतायत. क्लचच्या लिव्हरला मोकळा खेळ किती हेही बघा. एक ते दोन सेंटिमीटर हवा. अजिबात नसेल तर क्लच कायम अर्धा दाबलेला असतो. मग गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा: ब्रेक घासत असेल तर दोन फेऱ्यांत थांबतं. टायरची हवा. एअर फिल्टर. आमच्याकडे हे सगळं ठीक होतं.

मग टॅपेट. इथे मला तो तिसरा 'सेट' आठवला. इंजिन थंड असताना झडप आणि टॅपेट यांच्यामध्ये केसाइतकी फट ठेवलेली असते, या गाड्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागात पाच ते बारा; तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो आणि सायलेन्सरकडच्या झडपेला बहुधा जास्त असतो, कारण ती जास्त तापते, जास्त लांबते. फट असली की थोडा टिकटिक आवाज येतो. गिऱ्हाईक म्हणतं आवाज बंद करा. मिस्त्री फट मिटवून टाकतो. इंजिन शिवणयंत्रासारखं गप्प चालतं, गिऱ्हाईक खूश. गरम झालं की झडप लांबते, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा जोर, तिथून निसटतं आणि दम जातो. वर तापलेल्या झडपेला बसकणीवर टेकून थंड व्हायला वेळ मिळत नाही, तशीच महिनोन् महिने चालवली तर तिची कड जळते. थंडीत हे कमी जाणवलं, झिजून झिजून फट आणखी कमी झाली आणि मार्चच्या उन्हात उघड झालं.

फट मोजायची पातळ पात्यांची फीलर गेज घेऊन पाहिलं तर सायलेन्सरकडची फट शून्य. सगळ्यात पातळ पातंही जाईना. पुस्तिकेप्रमाणे फट ठेवली, गाडी पुन्हा हलकीशी टिकटिकायला लागली. मेहुण्याला तो आवाज अजूनही आवडत नाही. मी त्याला सांगितलं, तो आवाज येतोय तोवर झडप बसतेय असं समज.

म्हणजे पाहा: दोष होता गरारीत, आणि तो इंजिनात शोधताना झालेल्या ट्यूनिंगने इंजिनात खरा दोष घालून ठेवला. ट्यूनिंग हा शब्दच मला आता नकोसा झालाय. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून इंजिन मंद चालीला नीट चालतं की नाही एवढंच ठरतं. पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक, म्हणजे मेन जेट ठरवतो, आणि त्या स्क्रूचा तिथे काही अंमल नाही. घाटातल्या तक्रारीवर तो स्क्रू फिरवणं म्हणजे डोकं दुखतं म्हणून चपला बदलण्यासारखं.

डिझेल कारवाल्यांसाठी थोडं

हे सगळं ऐकून मावसभावाने विचारलं, "दादा, मग माझ्या गाडीला तो ट्यूनिंग बॉक्स लावू का? पंचाहत्तरचे नव्वद होतात म्हणे." त्याने विचारलं तेव्हा लावून झाला होता, हे नंतर कळलं.

पंचाहत्तर आणि नव्वद हे आकडे आले कुठून ते बघण्यासारखं आहे. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन, १२४८ सीसी, आपल्याकडे मारुती, टाटा, फियाट अशा कंपन्यांनी वापरलं. २०२० मध्ये प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला आणि हे इंजिन बंद झालं. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएसचं, ४००० आरपीएमला, टॉर्क १९० एनएम. एर्टिगा, सियाझमध्ये तेच ९० पीएसचं, टॉर्क २००. पॉवरमध्ये पंधराचा फरक आणि टॉर्कमध्ये फक्त दहाचा, हे कसं? मघाचा भागाकार उलटा करा. ४००० फेऱ्यांवर ७५ पीएस म्हणजे १३२ एनएम उरतात, ९० पीएस म्हणजे १५८. नव्वदवाल्याला पाती वळवता येणारा टर्बो होता. तो वरच्या फेऱ्यांवरही दम टिकवायचा. पण घाटात तुम्ही ४००० वर नसता, २००० वर असता. तिथे १९० एनएमचे ५४ पीएस होतात आणि २०० चे ५७. म्हणजे पंधराचा गाजावाजा आणि घाटात हातात तीन! आणि अठराशेच्या खाली साधा टर्बो भरतच नाही, तिथे बाराशे सीसीचं टर्बोविना डिझेल ओढताय असं समजा. ज्यांना स्विफ्टमध्ये वळणावर तिसऱ्यात गाडी झोपल्यासारखी वाटायची त्यांनी दुसरा टाकायचा होता, एवढंच.

बाहेरून लावायचा तो डबा करतो काय, तर डिझेलच्या रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असं इंजिनाच्या संगणकाला खोटंच सांगतो. संगणक बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, मधल्या फेऱ्यांवर टॉर्क खरंच वाढतो. इथवर जाहिरात खोटी नाही. पण कंपनीने क्लच, गिअरबॉक्स, ॲक्सल मूळ टॉर्कला थोडी सूट ठेवून बनवलेले असतात. मावसभावाची क्लच प्लेट नव्वद हजार किलोमीटर चाललेली, तिची सूट आधीच संपलेली. मानपूरच्या पुढे चौथ्या गिअरमध्ये दाबली आणि आरपीएमचा काटा वर, गाडी जागेवर, जळका वास. क्लच वरच्या गिअरमध्येच आधी घसरतो, कारण खालच्या गिअरमध्ये गाडी पुढे पळून इंजिनाला मोकळं करते. वरच्या गिअरमध्ये इंजिन भाराखाली अडकून जास्त वेळ पूर्ण टॉर्कवर राहतं. डब्यापेक्षा क्लचचा खर्च जास्त आला. वाहनाच्या मूळ रचनेत असे फेरबदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधन आहे, आणि दावा आला की विमावाले ते बरोबर शोधून काढतात, हेही त्याला सांगून झालं. डबा आता माळ्यावर आहे.

शेवटी ॲव्हरेजचं, कारण १५ दातांचा सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. सपाटीला, एकट्याने, पन्नासच्या एकसारख्या वेगाने १५ दात थोडं पेट्रोल वाचवतात हे खरं आहे. इंजिन कमी फिरतं, रेस थोडी जास्त उघडी राहते, हवा आत ओढायला इंजिनाला कमी कष्ट पडतात. पण राजवाड्यापासून पलासियापर्यंत जाताना टॉप गिअर लागतो किती वेळ? प्रत्येक सिग्नलवर पहिला गिअर लांब झाल्याने क्लच जरा जास्त घासायचा, आणि घाटात वाचवलेलं सगळं तिसऱ्या गिअरमध्ये परत द्यायचं. मेहुण्याने टाकी फुल ते फुल मोजलं होतं: १५ वर ५६, १४ वर ५७. एकाचा फरक हा पेट्रोल पंपावरच्या माणसाने नळी किती झटकली यातही येतो, तेव्हा त्यावरून मी काही म्हणणार नाही. शिवाय मोजताना एक गोम असते. किलोमीटरचा काटा पुढच्या चाकावरून चालत असेल तर ठीक. गिअरबॉक्सकडून चालत असेल तर १५ दातांवर तो खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. त्याच्या गाडीचा पुढच्या चाकावरून आहे, ते मी आधीच बघून घेतलं होतं.

परवा मिस्त्री भेटला. म्हणाला, एका गिऱ्हाइकाला तेरा टाकलीय, डोंगरात मस्त ओढते. ओढणारच. आता ते गिऱ्हाईक बायपासला ऐंशीने जाताना इंजिन फार ओरडतं म्हणून ट्यूनिंगला येईल.